पंचफुला मावशी, तुझं टोपलं

पंचफुला मावशी,

तुझं टोपलं परवापर्यंत माझ्या ओट्यावर होतं. बांबूचं, काठाला जुन्या लुगड्याची पट्टी शिवलेलं. त्यातली वांगी आम्ही खाल्ली, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी वाटली, मिरच्या अजून फ्रिजमध्ये आहेत. टोपलं तेवढं परत करायचं राहिलं होतं. रिकामं कसं पाठवणार? कुणाचं भांडं रिकामं परत जाऊ द्यायचं नाही, हे तूच मला बजावलेलं. अकोल्याहून आईने कुरडया पाठवल्या होत्या, त्याच घालाव्यात असं ठरत आलं होतं, तेवढ्यात सुनंदाचा फोन आला.

"ताई, आमची माय गेली," तुझी सून म्हणाली.

दुपारी वावरातून आलीस, तांब्याभर पाणी प्यालीस, जरा पडते म्हणालीस आणि उठलीच नाहीस. मला तुझा रागच आला, खरं सांगते. आपलं भांडण अर्ध्यावर होतं. अर्ध्या भांडणातून उठून कुणी असं जातं का?

तुझ्या गावात मी पहिल्यांदा आले ती खदानीच्या कंपनीच्या फाउंडेशनची बाई म्हणून. नांदगाव खंडेश्वरहून जीप तुमच्या पांदणीत वळली, आणि बाभळींचा रंग हिरव्याचा राखाडी झाला. क्रशर सुरू होता. गिट्टी फुटत होती, आणि तिचा धुरळा कपाशीच्या पऱ्हाटीवर, कौलांवर, वाळत घातलेल्या पोलक्यांवर बसत होता. गावाच्या भल्यासाठी काय करावं ते विचारायला मी त्या धुरळ्यातून, कंपनीच्या जीपमधून, कंपनीच्या पगारावर आले होते. तुम्ही मला हाकलून दिलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात बाया जमल्या. मी शिलाई मशीनचं बोलले, ब्युटी पार्लरच्या वर्गाचं बोलले. सगळ्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. तू मागे खांबाला टेकून बसली होतीस. बैठक संपल्यावर मी तुझ्याकडे वळून म्हटलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"तुमी-तुमी काय करून राहिली वं?" तू म्हणालीस. "मावशी म्हणतं ना मले? मावशीले कोनी तुमी म्हणते का?"

तेव्हापासून तू. आणि त्याच दमात तू मला उठवलंस, उन्हात चालवत गावाच्या वरच्या अंगाला नेलंस, आणि जुन्या खदानीच्या काठावर उभं केलंस. तिथला दगड काढून कंपनी कधीच पुढे सरकली होती. मागे राहिलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, स्वच्छ, निळंशार, उन्हाळा तोंडावर असतानाही.

"मशीन घरोघरी हाय. शिवाले कापड कोन आनते?" तू म्हणालीस. "हा खड्डा तुमच्या कंपनीनं केला. पानी देवानं भरलं. मंग ते आमच्या वांग्याले काहून नाई भेटत?"

फाउंडेशनच्या आराखड्यात शाळेची रंगरंगोटी होती, चष्म्यांचं शिबिर होतं, पाण्याची टाकी होती. खड्डा नव्हता. पण तू माझ्या डोक्यात तो खड्डा असा बसवलास की मी अमरावतीच्या ऑफिसात दुसरं काही बोलेनाच. शेवटी लोक कंटाळले की पटलं कुणास ठाऊक, पण खदानीवर पंपघर झालं, मोटर बसली, पाइप तुमच्या वावरांपर्यंत आला. ज्या घरांची भाजी होळीनंतर करपून जायची आणि ज्या बाया मग दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जायच्या, त्या चांदूर रेल्वेच्या बाजारात उन्हाळ्यातही आपापली पोती मांडून बसू लागल्या.

फाउंडेशनविषयी मला बरंवाईट पुष्कळ म्हणता येईल आणि मी ते म्हणत आले आहे. पण पाइपमधून पहिलं पाणी आलं, तेव्हा तू ते ओंजळीत घेऊन आधी मोटर बसवणाऱ्या पोराच्या तोंडावर उडवलंस आणि मग माझ्या. तो दिवस चांगला होता, मावशी. तो माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

भांडण सुरू झालं ते त्या पाण्याच्या पहिल्या वांग्यांवरून.

नवं पीक निघालं की थोडं थोडं शेजारीपाजारी वाटायचं, त्याला आपल्याकडे वानोळा म्हणतात. तू 'वानोया' म्हणायचीस. गल्लीतली घरं झाली, सुनंदाच्या माहेरी गेला, माझ्यासाठी वेगळा काढला. मग तू टोपलं पुन्हा भरलंस, पट्टीचा काठ नीट केलास, डोक्यावर घेतलंस, आणि खदानीच्या ऑफिसाच्या वाटेला लागलीस.

मी तुला आडवी आले. म्हटलं, मावशी, हे काय? यांनी इतकी वर्षं तुमच्या भाजीवर धूळ बसवली. खड्ड्यातलं पाणी दिलं ते उपकार नाहीत. ते तुमच्या हक्काचं आहे. तू टोपलं घेऊन दारात गेलीस की त्यांना वाटेल आपण दाते आणि हे मागते.

पगार मी त्यांचा खात होते आणि त्यांच्याविरुद्ध मीच बोलत होते. धुरळा तू खात होतीस आणि तू त्यांच्याकडे निघाली होतीस. आपण दोघी चुकीच्या बाजूंना उभ्या होतो, असं कुणीही म्हटलं असतं.

"उपकार कोन म्हणते?" तू म्हणालीस. "उपकार मानाचे असते तं हार नेला असता, नारळ नेला असता. वानोया शेजाऱ्याले देतेत."

"ते शेजारी आहेत?"

"हद्दीले हद्द लागून हाय. शेजारी नाई तं काय पाहुने होय? तुह्या बाजूचा दिवसभर मोठ्यानं टीव्ही लावते, तू त्याले तीळगूळ देतंच ना?"

देत होते. पण हे आणि ते एक नाही, असं मी म्हणत राहिले आणि तू चालत राहिलीस.

संध्याकाळच्या आत टोपलं परत आलं. जसंच्या तसं, भरलेलं. चौकीदाराने ते अंगणात ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाला, "काकू, नवे साहेब म्हणते, कंपनीत भेट घ्याले मनाई हाय."

साहेब तेलंगणातून नुकतेच बदलून आले होते. तरुण, सरळ, नियमाला पक्के. ठेकेदारांच्या मिठाया आणि दिवाळीची पाकिटं बंद व्हावीत म्हणून कंपनीने नियम केला होता, आणि तो तुझ्या वांग्यांना लागू झाला होता. बाहेरच्या माणसाला काय कळणार त्याने केलं काय ते. गल्लीतल्या बाया मात्र दाराशी येऊन पाहून गेल्या. वानोळा परत येणं म्हणजे येणं-जाणं संपलं.

"दुश्मनाच्या घरून बी वानोया वापस येत नाई," तू म्हणालीस. त्या रात्री तू जेवली नाहीस, असं सुनंदाने मला पुढे कधीतरी सांगितलं. मी मात्र तेव्हा मनातून जराशी खूश झाले होते. वाटलं, आता तरी माझं पटेल.

कसलं पटतंय! दुसऱ्या दिवशी तेच टोपलं, त्यात ताजी वांगी, आणि सोबत दुभाषी म्हणून मी. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

"मावशी, समझो," ते म्हणाले. "रूल है. हम कुछ नहीं ले सकते."

"घ्याले कोन म्हणते तुमाले?" तू टोपलं थेट त्यांच्या टेबलावर ठेवलंस, कागदांवरच. "तुमच्या खदानीच्या पान्याचं हाय. चाखून पाहा. पानी चांगलं हाय का खराब, हे पाहनं तुमचं काम नाई?"

मी ते हिंदीत सांगितलं. साहेब माझ्याकडे बघायला लागले, मग टोपल्याकडे, मग हसले. पाणी तपासणं हे त्यांचं कामच होतं, त्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी एक वांगं उचललं आणि सहज अंगठा फिरवला. अंगठा राखाडी झाला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. त्या आठवड्यापासून खदानीच्या रस्त्यावर रोज टँकरने पाणी मारायला सुरुवात झाली. क्रशरच्या पट्ट्यावर पत्र्याचं झाकण आलं.

"पाहिलं?" तू मला म्हणालीस.

"हे त्यांनी आधीच करायला हवं होतं. नियमच आहे तसा."

"नियम तुह्याजवळ होता. कराले तं वांगंच लागलं ना?"

यावर मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बोलले असेनच.

आणि वांगी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीचं आठवतं का? टोपलं साहेबांकडून परत आलं ते स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं, उन्हात वाळवलेलं, आणि रिकामं! त्यांना वाटलं, चांगलं धुऊन द्यावं. तू टोपल्यात डोकावलीस आणि कपाळाला हात लावलास. "बाप्पा, धुतलं बी!" म्हणून जी हसायला लागलीस की सुनंदा पिठाच्या हाताने बाहेर आली. मग तू स्वतः जाऊन त्यांना शिकवलंस, लेकराला शिकवावं तसं. भांडं भरून आलं तर रिकामं जात नाही. साखरेचे चार दाणे का होईना, घालायचे. साहेबांनी गडबडून टेबलाचा खण उघडला आणि बिस्किटांचा पुडा घातला.

तिथून पुढे तुमचं जे सुरू झालं ते मी लांबून पाहत होते. तू भाजी पाठवायचीस, ती खदानीच्या मजुरांच्या जेवणात जायची, म्हणजे नियमही मोडत नव्हता. परत येताना टोपल्यात कधी कॉलनीतल्या झाडाचे पेरू, कधी चिंचा. साहेबांची आई गावाहून आली तेव्हा तिने केलेलं आंब्याचं लोणचं आलं. ते इतकं तिखट होतं की तू एक फोड खाऊन म्हणालीस, "हे बाई आपल्याकडची हाय." आणि त्या माऊलीसाठी झेंडूची अख्खी माळ ओवून पाठवलीस. एकमेकींना तुम्ही कधी पाहिलंही नाही.

मग खाणपट्ट्याची मुदत संपत आल्याचं कळलं. खदान बंद होणार, कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, मागोमाग फाउंडेशनही. जुन्या खड्ड्यात एकदा म्हैस पडली होती, म्हणून जाण्याआधी भोवती तारेचं कुंपण घालायचं, मोटर काढायची, पंपघराला कुलूप लावायचं, असा वरून निरोप होता. तोच शाळेचा वऱ्हांडा, त्याच बाया. साहेबांनी खाली बघतच सगळं सांगितलं. पाणी गेलं तर उन्हाळ्याची भाजी गेली, आणि भाजी गेली तर पुन्हा रोजाने दुसऱ्याच्या वावरात. हे कुणालाच समजावून सांगायला नको होतं. सुनंदाने तर आदल्याच दिवशी टमाटरची रोपं आणली होती.

तू खांबाला टेकूनच बोललीस.

"साहेब, शेजारी घर सोडून जाते तवा किल्ली बाजूच्या घरी ठेवून जाते."

मी ते हिंदीत सांगितलं. साहेब म्हणाले, "हेड ऑफिस से बात करता हूँ." असं सगळेच म्हणतात, असं मला वाटलं.

आणि मग आपलं भांडण, एसटी स्टँडवर. मी म्हटलं, टोपल्याने हेड ऑफिस हलत नसतं. निवेदन लिहू, सगळ्या बाया अमरावतीला कलेक्टर कचेरीवर जाऊ, मी पुढे उभी राहते, नोकरी गेली तर गेली. तू म्हणालीस, "चालू ना. मी बी येतो. पन आधी टोपलं." मी म्हटलं, "आधी मोर्चा." तू म्हणालीस, "मोर्च्यानं पानी भेटन, मानूस तुटन. ते लोनचं कोन पाठवन मंग?" मी म्हटलं, "लोणच्यासाठी पाणी सोडणार तू?" तू तोंड उघडलंस आणि गाडी आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर तू अजून बोलतच होतीस, हातवारे करून, आणि इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही.

तू काय म्हणत होतीस गं?

दोनतीन दिवसांनी कंडक्टरने टोपलं माझ्या घरी आणून दिलं. वांगी, सांबार, मिरच्या. निरोप होता, "तिले म्हना, भांडाले ताकद लागते, खाऊन घे." मी एकटीच हसले. तुझं टोपलं एकच होतं. ते साहेबांकडे जायच्या आधी तू माझ्याकडे पाठवलंस. आधी टोपलं म्हणालीस, ते माझंच निघालं.

तुझ्या तेरवीला साहेब आले. मांडवाबाहेर बूट काढले, सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले, वांग्याची भाजी आणि बुंदी खाल्ली, पुन्हा भाजी मागून घेतली. हात धुताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी की टोकरी कहाँ है?"

"माझ्याकडे. अमरावतीला."

त्यांचा चेहरा कसा झाला ते तुला सांगता येत नाही. ते तिथेच, मोरीशी ओल्या हाताने उभे राहिले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. हेड ऑफिसशी ते रोज भांडत होते. शेवटी होकार आला. कुंपण होणार पण त्याला फाटक राहणार, मोटर राहणार, ग्रामपंचायतीच्या ठरावाने पंपघर बायांच्या गटाकडे. हे त्यांना तू गेलीस त्याच्या आधीच कळलं होतं. फोन करता आला असता. जीप घेऊन यायला किती वेळ लागतो? पण त्यांच्या मनात होतं की किल्ली तुला हातात नाही द्यायची. टोपलं आलं की त्यात घालून पाठवायची, तू शिकवलंस तशी. म्हणून ते रोज टोपल्याची वाट पाहत राहिले. आणि टोपलं माझ्या ओट्यावर, कुरडयांची वाट पाहत.

"मैंने सोचा, मावशी खुश होगी," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मी रडले, मावशी. तेरवीला सगळेच रडतात म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मला रडू याचं आलं की तुला कळलंच नाही. तू त्या दुपारी खाटेवर पडलीस तेव्हा तुझ्या डोक्यात पाण्याचा घोर होता, आणि पाणी तुझंच झालेलं होतं. एवढा नियमाचा माणूस, पण तुझा नियम त्याने इतका मनावर घेतला की उशीर झाला. त्याला काय बोलणार? मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. तूही केलं असतंस.

दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला माझ्या घरी आले आणि स्वतःच्या हाताने टोपल्यात किल्ली ठेवली. मी बाजूला आईच्या कुरडया ठेवल्या. परवा सकाळी मी ते टोपलं घेऊन तुझ्या घरी गेले. सुनंदाने किल्ली डोळ्यांना लावली, कुरडया आत नेल्या, आणि रिकामं टोपलं घेऊन वावरात गेली. आली ती वांगी घेऊन. तू लावलेल्या झाडांची, पहिल्या तोड्याची.

"हे साहेबाले," ती म्हणाली. "ते जाऊन राहिले ना उद्या."

"अगं, मग टोपलं परत कसं येईल?"

"येईन ना ताई. रिकामं ठेवाचं नसते, त्यायले माईत हाय."

मी टोपलं घेऊन गेले तेव्हा ऑफिसचं निम्मं सामान बांधून झालं होतं. क्रशर बंद होता आणि मला पहिल्यांदाच तिथे चिमण्यांचा आवाज आला. साहेबांनी एक वांगं घेतलं, त्यावर अंगठा फिरवला आणि तो मला दाखवला. स्वच्छ होता. टोपलं त्यांनी मागे सामानात नाही टाकलं, जीपच्या पुढच्या सीटवर आपल्या बाजूला ठेवलं.

परत येताना मी जुन्या खदानीवरून आले. फाटक उघडं होतं, मोटर चालू होती, सुनंदा आणि दोघीजणी टमाटरच्या रोपांना पाणी देत होत्या. मला अजून वाटतं की हे हक्काचं होतं, आणि हक्काच्या गोष्टीसाठी कुणाच्या चांगुलपणाची वाट पाहायला लागू नये. दुसऱ्या गावात असे साहेब नसतील, तुझ्यासारखी बाई नसेल, तेव्हा काय? हे मी तुला एसटी स्टँडवर सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. तुझ्याकडे यावर काहीतरी असणारच. खिडकीखाली उभी राहून तू तेच सांगत असशील.

टोपलं गेलं, मावशी. किल्ली पोचली. आपलं भांडण तेवढं माझ्याकडे राहिलं आहे, आणि ते मी कुणाला परत करणार नाही.